ओळंबा, सूत आणि वाकडे खांब

१/ हम्मुराबीच्या संहितेतील एक कलम समाजमाध्यमांवर सतत फिरत असते : घर कोसळून मालक दगावला, तर बांधणाऱ्याला देहदंड. कलम खरे आहे, क्रमांक २२९. परंतु घरे सहसा कोसळत नाहीत. भिंत फुगते, खांब वाकडा उभा राहतो, आणि वाद सुरू होतो : चूक कोणाची, पुन्हा बांधायचे कोणाच्या खर्चाने? आजचा थ्रेड या प्रश्नाविषयी.

२/ उत्तर त्याच शिलास्तंभावर, चार कलमे पुढे आहे. इ.स.पू. १७५० च्या सुमाराचा हा स्तंभ १९०१ साली इराणमधील सुसा येथे सापडला. आज तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. कलम २३३ सांगते की काम नीट न केल्याने भिंत ढळली, तर बांधणाऱ्याने स्वतःच्या चांदीने ती भक्कम करून द्यावी. एवढेच. रक्तपात नसल्यामुळे हे कलम कोणी शेअर करीत नाही. मला मात्र संहितेतील सर्वांत समंजस कलमांपैकी हे एक वाटते.

३/ तरी एक अडचण उरतेच. 'काम नीट नव्हते' हे ठरवायचे कसे? रोमन लोकांनी याचे उत्तर आधीच केलेल्या करारात शोधले. इ.स.पू. दुसऱ्या शतकात केटोने शेतीवरील आपल्या ग्रंथात घरबांधणीच्या कराराचा नमुनाच दिला आहे. लाकूड, दगड, चुना, वाळू, पाणी मालकाने पुरवायचे. शिवाय एक करवत आणि एक सूत. मजुरी कौलांच्या संख्येवर ठरे, आणि पन्हळीचे एक कौल दोन धरले जाई. इतका काटेकोरपणा कंटाळवाणा वाटेल, पण भांडण नेमके अशाच कौलावरून होते.

४/ आता प्रत्यक्ष प्रसंग. इ.स.पू. ५४, सप्टेंबर. क्विंटस सिसेरो सीझरच्या सैन्यात, दूर उत्तरेकडे. इकडे इटलीत, आर्पिनमच्या परिसरात, त्याच्या घराचे काम चालू. थोरला भाऊ, प्रख्यात वक्ता मार्कस सिसेरो, पाहणीस जातो आणि त्याला सविस्तर पत्र लिहितो.

ओसरीची फरसबंदी त्याला फार आवडली. कंत्राटदार डिफिलस मात्र स्वतःच्याच लौकिकाहून संथ निघाला. त्याने बसवलेले खांब ना सरळ होते, ना एकमेकांच्या समोरासमोर. ते तो अर्थातच पाडील, असे सिसेरो लिहितो, आणि पुढे टोला हाणतो की ओळंबा व सूत कसे वापरतात हे हा गृहस्थ कधीतरी शिकेल. काही कमानी छते त्याला पसंत पडली नाहीत. तीही बदलायला सांगितली. त्याच घरात स्नानगृहाची भट्टी तर थेट शयनकक्षांखाली येत होती! तेथील उष्ण दालनच त्याने दुसऱ्या कोपऱ्यात हलवले.

५/ या पत्रात खटला नाही, साक्षीदार नाहीत. चूक उघडी पडली, कारण काम चालू असतानाच जाणत्या माणसाने जागेवर जाऊन पाहिले. पण असा भाऊ प्रत्येकाला कोठून मिळणार? शिवाय मालकच आडमुठा असेल, तर बिचाऱ्या गवंड्याने काय करावे?

६/ इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आरंभीचा विधिज्ञ पाउलुस याने हा पेच दोन्ही बाजूंनी सोडवला. त्याचे मत ५३३ साली प्रसृत झालेल्या 'डायजेस्ट' या संग्रहात जपले गेले. काम मालकाच्या पसंतीस उतरले पाहिजे, असे करारात लिहिले असले, तरी ती पसंती एखाद्या सज्जन, न्यायी माणसाची समजावी. म्हणजे मालकाच्या लहरीवर मजुरी अडकणार नाही. आणि कंत्राटदाराने फसवणूक करून पसंती मिळवली असेल, तर ती पसंती रद्द.