बरड रान, कडधान्य आणि सातबारा

संयुक्त राष्ट्रसंघाने २०१६ हे वर्ष कडधान्यांचे म्हणून साजरे केले आणि २०२३ हे भरडधान्यांचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने तूर, उडीद आणि मसूर यांवर भर देणारे डाळींच्या स्वयंपूर्णतेचे अभियान मंजूर केले. हलक्या, कोरडवाहू जमिनीत शेतकऱ्याने ‘पर्यायी पिके’ घ्यावीत असा उपदेश आता सर्व बाजूंनी होतो आहे. उपदेश वाईट नाही. परंतु पर्याय हा शब्द ज्याच्यापुढे दोन वाटा असतात त्याच्यासाठी असतो. मराठवाड्यातील गायरानाच्या बरड रानात ज्या भूमिहीन दलितांनी हुलगा, मटकी आणि तूर टाकली, त्यांच्यापुढे दुसरी वाट नव्हती. त्यांच्या शेतीचा इतिहास लिहिला गेला नाही. आणि तो लिहिला न गेल्यामुळेच आजच्या योजनांच्या यादीतही ते सापडत नाहीत.

गावगाड्याने जमीन वाटली तीच मुळी जातीच्या उतरंडीप्रमाणे. काळी, ओल धरणारी जमीन वतनदारांकडे आणि त्यांच्या भाऊबंदांकडे राहिली. महाराच्या वाट्याला गावकीच्या राबणुकीचा मोबदला म्हणून हाडोळा आला. त्यात जमीन कमी आणि जोखड अधिक होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले ते हे जोखड ओळखूनच. मुंबई राज्यात कनिष्ठ गाव-वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. निजामी राजवटीतून आलेल्या मराठवाड्यात तर असंख्य दलित कुटुंबांकडे हाडोळ्याचा तुकडाही नव्हता. त्यांच्या डोळ्यांपुढे होते ते गायरान: गावाच्या कडेचे, कुसळी गवताचे, मुरमाड रान.

दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. ६ डिसेंबर १९६४ पासून तो देशभर पसरला. पडीक जमीन भूमिहीनाला कसायला द्या, ही त्यातील एक मुख्य मागणी होती. तुरुंग भरले, आश्वासने मिळाली. पण ज्या गावांत माणसांनी आश्वासनाची वाट न पाहता गायरानात नांगर घातला, त्या गावांत खरा इतिहास घडला.

नांगर घातला, पण पेरायचे काय? विहीर नाही, खत नाही, बैलजोडी उसनी. सातबारा नावावर नाही म्हणून पीककर्ज नाही. अशा जमिनीत कापूस किंवा ऊस मागण्यात अर्थ नव्हता. हुलगा थोड्या पावसावर येतो. मटकी जमिनीवर पसरून तिची ओल झाकून धरते. तुरीचे मूळ खोल जाते आणि पावसाचा खंड पडला तरी झाड तग धरते. या पिकांच्या मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतला नत्र जमिनीला जोडतात, हे शास्त्र आहे. तुरीचा पालापाचोळा रानात गळतो. दाण्याची डाळ होते, भुसा जनावराला जातो, तुराट्यांचे कूड होतात आणि उरलेल्या चुलीत जळतात. ज्याच्याकडे काहीच नाही त्याने सर्व काही देणारे पीक निवडले. हे अडाणीपण नव्हते. तो हिशेब होता, आणि त्या हिशेबातला मोठा भाग बाईचा होता. बियाणे निवडणे, राखेत घोळून ठेवणे, उपासमारीतही त्याला हात न लावणे, हे तिचेच काम.

या हिशेबात मात्र एक क्रूर विसंगती होती. जमीन जोवर कुसळाची होती तोवर तिच्यावर कोणाचा फारसा डोळा नव्हता. वर्षानुवर्षे दगड वेचून, बांध घालून, कडधान्य पेरून ती माणसात आली, तेव्हा ती ‘गावाची’ असल्याची आठवण गावाला झाली. उभ्या पिकात गुरे घालणे हे गायरानाच्या भांडणांतले नेहमीचे हत्यार. गुरांना चरायला जागा हवी, हे कारण खोटे नसते. पण बड्या शेतकऱ्याने बांध कोरून गिळलेले गायरान त्याच गुरांना आठवत नाही.

म्हणून गायरानातले पीक हे केवळ अन्न नव्हते. तो पुरावा होता. सरकारी जमिनीवरील अतिक्रमणाची नोंद गाव नमुना एक-ई मध्ये होते. महसूल खात्याने आकारलेल्या दंडाची पावती ही इतरांसाठी शिक्षा. गायरानधारकासाठी ती जपून ठेवायची दौलत. कारण शासनाने १९७८ साली आणि पुन्हा २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने अशी अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरविले. दुसऱ्या निर्णयाची मुदत होती १४ एप्रिल १९९०, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाच्या आरंभाचा दिवस. त्या दिवसापूर्वीपासून आपण इथे पेरतो आहोत हे कसणाऱ्याने सिद्ध करायचे. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या अक्षर नाकारले, त्याच्याकडेच कागद मागितला गेला. अनेकांचे दावे त्या कागदावाचून अडले.

दख्खनच्याच पठारावर, बिदरच्या शेजारी, पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातीलच झहीराबाद भागात या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. तेथे १९८३ पासून डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या आधाराने दलित स्त्रियांचे संघम उभे राहिले. जमीनसुधारणेत गरिबांना मिळालेली, पण पडीक राहिलेली तांबडी जमीन या बायांनी लागवडीखाली आणली. एकाच शेतात ज्वारी, बाजरी, तूर, हुलगा, मूग असे मिश्र पीक घेतले. १९९० च्या दशकात त्यांनी रेशनच्या तांदळाला उत्तर म्हणून गावच्याच ज्वारीवर चालणारी धान्यव्यवस्था उभी केली. २००८ साली त्यांनी स्वतःचे रेडिओ केंद्र सुरू केले, आणि २०१९ साली संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. पीक तेच, पठार तेच, जातही तळचीच. फरक एवढाच की तेथे जमिनीचा कागद हाताशी होता आणि मागे संघटना होती. मराठवाड्यात जमीन कसली गेली, कागद मात्र आला नाही.

१९९० नंतर मराठवाड्याच्या खरिपात सोयाबीन शिरले आणि ज्वारी, मूग, उडीद मागे हटले. गायरानधारकही त्याच वाटेने गेला. रोख पैशाची गरज त्यालाही आहे. त्याला दोष देण्याचे कारण नाही. पण आज सरकार पुन्हा तुरीकडे वळा म्हणते, तेव्हा हमीभावाच्या केंद्रावर नोंदणीला सातबारा आणि त्यावरील पीकपेरा लागतो. गायरानातल्या तुरीला केंद्राचे दार बंद. ती व्यापारी सांगेल त्या भावाने विकली जाते. विमा नाही, नुकसानभरपाई नाही.

२८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. त्याच निकालात शासकीय अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवादही नमूद आहे. २०२२ साली महाराष्ट्रात गावोगाव नोटिसा निघाल्या तेव्हा निकालाचा पहिला भाग सर्वांना पाठ होता. अपवादाची आठवण गायरानधारकालाच करून द्यावी लागली.

तेव्हा मागणी साधी आहे. १९७८ व १९९१ च्या निर्णयांखालचे रखडलेले दावे निकाली काढा. तोवर एक-ईची नोंद आणि स्थळपाहणीचा पंचनामा हमीभावासाठी व विम्यासाठी ग्राह्य धरा. आणि आपल्यातल्या लिहित्या तरुणांनीही एक काम हाती घ्यावे: प्रत्येक वस्तीतील जुन्या दंडाच्या पावत्या उतरवून घ्याव्यात, कोणत्या साली काय पेरले हे म्हाताऱ्या बायांकडून लिहून घ्यावे. पावत्या विरत चालल्या आहेत आणि पेरणारे हात थकले आहेत.