भंगारात काय द्यायचं, काय नाही? औषधाचा डबा धुतला तरी घरात नको

भंगारवाला दारात आला की लोखंड, पत्रा, तांबं, रद्दी, पुठ्ठा, पाण्याच्या बाटल्या बिनधास्त द्या. रद्दी कोरडी ठेवा, भिजली की भाव पडतो. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका. तो तुकडा कुणीच वेचत नाही. चिप्सच्या चकचकीत पाकिटांना भंगारात सहसा भाव नाही, कारण प्लास्टिकला ॲल्युमिनियमचा थर चिकटलेला असतो. तरी ती चुलीत नकोत, धूर विषारी.

खरा धोका फवारणीच्या औषधाच्या डब्यांचा. डबा रिकामा झाला की तिथंच तीनदा विसळायचा आणि ते पाणी पंपातच ओतायचं. औषधही वाया जात नाही. विहिरीवर किंवा ओढ्यात धुवायचा नाही. मग डब्याला भोकं पाडा, म्हणजे कुणी त्यात तेल-रॉकेल भरणार नाही. चांगला घट्ट झाकणाचा डबा म्हणून घरात ठेवला जातो आणि पोरांच्या हाती लागतो. भोकं पाडलेले डबे गोठ्यापासून लांब, कुलपात ठेवा. कृषी सेवा केंद्रात परत घेतात का, विचारा.

ट्रॅक्टरची, इन्व्हर्टरची जुनी बॅटरी नवी घेताना दुकानात द्या, तेवढे पैसे वजा होतात. ॲसिड गटारात ओतू नका. सीएफएल बल्ब फुटला तर त्यात पारा असतो. खिडक्या उघडा, झाडू न मारता पुठ्ठ्यानं काचा गोळा करा.