जुनं भिंग, नवा कॅमेरा



आजचं बोलणं भिंगाबद्दल आहे. कॅमेऱ्याच्या तोंडाशी जे काचेचं नळकांडं असतं ते भिंग. दुकानदार त्याला लेन्स म्हणतात. आपल्या बेल्हे, आळे, राजुरी, ओतूरकडच्या घरांत माळ्यावर एखादा जुना कॅमेरा सापडतो. कुणाच्या सासऱ्यांनी हौसेनं घेतलेला असतो, तर कुणाच्या घरी बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतलं सामान असतं. आता रीळ वापरतंय कोण, म्हणून तो निकामी ठरतो आणि दिवाळीची आवराआवर करताना वजनावर भंगारात जातो. आमचं सांगणं एवढंच की देण्याआधी त्याचं भिंग नीट बघा. कॅमेरा मेला तरी भिंग जिवंत असू शकतं, आणि त्यातली कितीतरी भिंगं आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसतात.

यात नवल वाटण्यासारखं काही नाही. जात्याचा खुंटा झिजला तर आपण नवा बसवतो, दगड तोच राहतो. कॅमेऱ्यातली इलेक्ट्रॉनिक चकती चार-सहा वर्षांत जुनी होते, रीळ तर बाजारातून जवळजवळ गेलंच. पण नीट घासलेली काच पन्नास वर्षांनीही प्रकाश तसाच वाकवते.

थोडं मागं जाऊ. फोटो काढायची रीत जगासमोर आली १८३९ साली, फ्रान्समध्ये. तेव्हाच्या भिंगातून उजेड इतका कमी जायचा की माणसाला काही मिनिटं हलायची सोय नव्हती. १८४० मध्ये व्हिएन्ना शहरातले गणिताचे प्राध्यापक जोसेफ पेट्झवाल यांनी आकडेमोड करून नवं भिंग मांडलं. त्यातून कितीतरी पट जास्त उजेड आत येऊ लागला. माणसांचे फोटो काढण्याचा धंदा उभा राहिला तो अशा भिंगांवर. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटीही निघाली.

पण बायकांचं काय? परपुरुषासमोर बसायचं नाही, म्हणून पुष्कळ घरांतल्या बायकांचा एकही फोटो नाही. ही अडचण ओळखून राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादला खास बायकांसाठी स्टुडिओ काढला. तिथं फोटो काढणारीही बाईच होती.

आपल्या मराठी मुलखात हे काम एका बाईनं अंधारात बसून केलं. त्यांचं नाव सरस्वतीबाई फाळके. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. त्याला लागणारी फिल्म कडेला भोकं न पाडलेली यायची. अंधाऱ्या खोलीत बसून त्या पट्टीला भोकं पाडायची, ती कॅमेऱ्यात भरायची, रसायनात धुवायची, हे सगळं सरस्वतीबाई शिकल्या. उन्हात पांढरी चादर धरून त्या नटांच्या तोंडावर उजेड पाडत, आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करत. पैसे कमी पडले तेव्हा त्यांचे दागिनेही कामी आले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. फाळक्यांचं नाव शाळेतल्या पोराला माहीत असतं, सरस्वतीबाईंचं किती जणांना?

त्याच १९१३ साली नवसारीला होमाई व्यारावाला यांचा जन्म झाला. त्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या आणि देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार झाल्या. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापले जात. हाती जड कॅमेरा, अंगावर साडी, आणि आतासारखं आपोआप काही नाही. अंतर डोळ्यानं जोखायचं, भिंगाचं कडं हातानं फिरवायचं, उजेड अंदाजानं ठरवायचा. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. जुनं भिंग हाती घेतलं की तीच रीत आपल्याही हाती येते.

आता हे जुनं भिंग नव्या कॅमेऱ्यावर बसतं कसं, ते बघू. १९४९ च्या सुमारास जर्मनीत बेचाळीस मिलिमीटर तोंडाची आट्यांची जोडणी निघाली. बरणीचं झाकण फिरवून लावतो तसं भिंग फिरवून लावायचं. जर्मनी, जपान, रशिया, सगळीकडच्या कारखान्यांनी ती उचलली. रशियाच्या झेनिट कॅमेऱ्यावर येणारं हेलिओस भिंग हे याचं ठळक उदाहरण. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीच्या झाइस कंपनीच्या बायोटार भिंगावरून ते बेतलं, आणि पुढं लाखोंनी बनलं. त्यानं काढलेल्या फोटोत माणूस स्पष्ट येतो आणि मागची झाडं भोवऱ्यासारखी फिरल्यागत दिसतात. हौशी लोक आज ते याच गुणासाठी शोधतात.

त्या जुन्या कॅमेऱ्यांत आत आरसा असे, म्हणून पेटी जाड होती. भिंगापासून फिल्मपर्यंतचं अंतर साडेपंचेचाळीस मिलिमीटरच्या जवळपास ठरलेलं. २००८ पासून बिनआरशाचे पातळ कॅमेरे निघाले. त्यांतल्या काहींत हे अंतर फक्त १८ मिलिमीटर आहे. उरलेलं सत्तावीस-साडेसत्तावीस मिलिमीटर भरून काढायला मधे एक पोकळ धातूचं कडं लावतात. त्यात काच नसते, तार नसते. पाण्याला जाताना डोकं आणि हंडा यांच्यामधे चुंबळ लागते ना, तेवढंच त्याचं काम. हंडा तोच, डोकं वेगळं, चुंबळीनं दोन्ही जुळतात.

लक्षात ठेवा, सगळ्या घरगुती कॅमेऱ्यांना हे लागू नाही. बडोद्याला बनलेला आग्फा क्लिक थ्री आपल्याकडे घरोघरी होता. एका रिळात बारा फोटो यायचे. त्याचं भिंग पेटीला पक्कं बसवलेलं असतं. तो आठवण म्हणून जपा, पण भिंग काढायला जाऊ नका.

नव्या अंगाला जुना अवयव लावणं म्हणजे जुगाड, असं कुणी म्हणालं तर त्याला खोडदला न्या. आपल्याच जुन्नर तालुक्यात तिथं जगभरचे शास्त्रज्ञ वापरतात ती रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर रुंदीच्या तीस थाळ्या, तारेच्या जाळीच्या. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी त्या गोळा करतात, म्हणजे भिंगाचंच काम करतात. काही वर्षांपूर्वी ही दुर्बीण सुधारली, तेव्हा थाळ्या पाडल्या नाहीत. लहरी टिपणारी यंत्रं आणि पुढची डिजिटल यंत्रणा नवी बसवली. पूर्वी एका वेळी ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा ऐकू येई, आता ४०० चा येतो. जे चांगलं होतं ते ठेवलं, जे मागं पडलं होतं ते बदलल.

आता भिंग पारखायचं कसं? आपल्या बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात बैल घेणारा माणूस शिंगांच्या रंगाला भुलत नाही. दात बघतो, खांदा बघतो, चालवून बघतो. भिंगाचंही तसंच. पहिलं, उजेडासमोर धरून आरपार बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी. दुसरं, लांबचं-जवळचं करायचं कडं फिरवा. ते लोण्यासारखं फिरावं, अडकू नये. तिसरं, उजेड कमी-जास्त करायचं कडं फिरवून आतली पाती हलतात का बघा. पात्यांवर तेलाची चकाकी असेल तर ती चिकटतात. त्या कड्यावर आकडे असतात. आकडा लहान तर भोक मोठं, आणि उजेड जास्त. काचेच्या कडेला एखादा बारीक ओरखडा असेल तर घाबरू नका, फोटोत तो बहुधा दिसतही नाही.

आपल्या पावसाळ्यात बुरशी हीच खरी वैरीण. चामड्याच्या पिशवीत भिंग कधी ठेवू नका, ती ओल धरते. बियाणं आपण जसं कोरडं करून घट्ट डब्यात ठेवतो, तसं हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पुड्या ओलावल्या की बदला. पदरानं काच पुसू नका. आधी फुंकणीच्या रबरी फुग्यानं धूळ उडवा, मग स्वच्छ मऊ कापड लावा.

आणि हे सगळं करायचं कशासाठी? रोजच्या फोटोला मोबाइल पुरेसा आहे, त्यासाठी कर्ज काढून कॅमेरा घेऊ नका. पण गटातल्या कुणाच्या लेकीकडे किंवा भाच्याकडे बिनआरशाचा कॅमेरा असेल, तर जुन्या भिंगानं एक मोठं काम होतं. माळ्यावरच्या कॅमेऱ्याशेजारी बहुतेक वेळा निगेटिव्हच्या पट्ट्याही असतात. आपण त्या कचरा समजतो. भिंग आणि कॅमेरा यांच्यामधे आणखी पोकळ कडी लावली की भिंग अगदी जवळचं दाखवतं. मोबाइलवर पांढरा पडदा उजळ करायचा. त्याच्यावर थोड्या अंतरानं पांढरं प्लास्टिक धरायचं, त्यावर निगेटिव्ह ठेवायची आणि वरून फोटो घ्यायचा. मग काळ्याचं पांढरं करायची सोय मोबाइलमध्येच आहे.

त्या पट्टीत काय निघेल सांगता येत नाही. कुणाची आजी जात्यावर बसलेली असेल, कुणाची आई खळ्यात असेल, कुणाची थोरली जाऊ पहिलं बाळ घेऊन उभी असेल. सातबाऱ्यावर त्यांची नावं नव्हती, पाटीवर नव्हती. काही जणींचा चेहरा फक्त त्या काळ्या पट्टीत उरला आहे. ती चुलीत गेली की पुन्हा मिळत नाही.

तेव्हा पुढच्या बैठकीला बचतीच्या हप्त्याबरोबर एवढं करा. माळा शोधा, भिंग उजेडात धरा, निगेटिव्हच्या पट्ट्या कागदात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा. ज्या चेहऱ्याचं नाव माहीत आहे ते थोरल्या बायकांना विचारून आजच वहीत लिहा. भिंगाला चेहरा दिसतो, नाव त्यांनाच सांगावं लागतं, आणि त्या कायमच्या थांबणार नाहीत.