पुलाखालचे जाळे

सॅन फ्रान्सिस्कोच्या सामुद्रधुनीवरील गोल्डन गेट पुलाची छायाचित्रे पुष्कळांनी पाहिली असतील. तांबूस रंगाचे दोन उत्तुंग मनोरे आणि त्यांवरून झुलणारे पोलादी दोर चटकन नजरेत भरतात. परंतु हा पूल बांधला जात असताना त्याच्या खाली आणखी एक वस्तू झुलत होती. ती होती मनिला दोराची, आणि काम संपल्यावर तिचे प्रयोजन उरले नाही.

१९३३ च्या जानेवारीत बांधकाम सुरू झाले, तेव्हा अमेरिकेतील पूल बांधणाऱ्यांत एक हिशेब रूढ होता: दर दहा लाख डॉलर खर्चामागे एक मनुष्य जायचाच. या पुलाचा अंदाज साडेतीन कोटींचा. म्हणजे पहिला मनोरा उभा राहण्यापूर्वीच पस्तीस प्रेते जमेस धरलेली! लोखंड आणि सिमेंट यांच्याच शेजारी माणसाचा जीव मांडावा, यात कोणाला फारसे वावगे वाटत नसे.

मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांनी हा हिशेब मानला नाही. डोक्यावर कठीण टोपी हवी, कमरेला सुरक्षेचा दोर हवा, आणि उंचावर कसरती करून दाखवील त्याला तत्काळ घरी पाठवावे, असा त्यांचा दंडक होता. आदल्या रात्रीची नशा उतरावी म्हणून मजुरांना आंबवलेल्या कोबीचा रस पाजीत, असेही सांगतात. १९३६ मध्ये तर त्यांनी पुलाच्या पाटाखाली, त्याच्या रुंदीहून दोन्ही बाजूंना दहा दहा फूट बाहेर जाईल असे जाळे बांधविले. त्यावर एक लाख तीस हजार डॉलर खर्च झाले. सर्कशीत झुल्यावरील खेळाडूंसाठी बांधतात तसेच हे जाळे. पण ते लोहकामगारासाठी बांधावे, ही कल्पना त्या काळी उधळपट्टीचीच वाटावी अशी होती. त्या जाळ्याने १९ जणांना झेलले. मृत्यूच्या दारातून परतलेल्या या मंडळींनी आपला एक क्लब कल्पिला आणि त्याला नाव दिले, 'नरकाच्या अर्ध्या वाटेवरचे'! पावलापावलाला खाली पाहणारा मजूर आता निर्धास्तपणे चालू लागला आणि कामालाही वेग आला.

जवळजवळ चार वर्षे एकही बळी गेला नव्हता. २१ ऑक्टोबर १९३६ रोजी यारी कोसळून पहिला मृत्यू झाला. पुढे १७ फेब्रुवारी १९३७ रोजी पाटाखालच्या लाकडी फळ्या काढणारी पाच टनांची सरकती परांची आधार सुटून खाली आली. जाळे विणले होते माणसाचे भार पेलण्यासाठी. परांचीने ते फाडले आणि बारा माणसांसह सुमारे २२० फूट खाली समुद्रात नेले. दोघे वाचले. दहा गेले. मजुराच्या पायाखालची परांचीच जेथे दगा देते, तेथे खालचे जाळे कितीही चांगले असले तरी काय करणार?

त्याच वर्षी २७ मे रोजी पूल खुला झाला, आणि पहिल्या दिवशी तो केवळ पायी चालणाऱ्यांचा होता. पस्तीसांचा जुना हिशेब चुकला होता. पुलावरील फलकावर अकरा नावे आहेत.