डोहाळजेवणाच्या आधीचं ताट

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी हे नेहमीसारखं लेखी रूप. मी जिथे जिथे अडखळले ते काढून टाकलंय, बाकी बोलणं होतं तसंच आहे.

आजचा भाग किहीमला रेकॉर्ड केलाय. माझं आजोळ. आजीच्या पडवीत बसलेय, त्यामुळे मध्येच कोंबडा ओरडला तर समजून घ्या. जानेवारी संपत आलाय, म्हणजे पोपटीचे दिवस. संध्याकाळी मामा मडकं लावणार आहेत. पनवेलहून आई आलीय, मी पुण्याहून. पण यायचं खरं कारण पोपटी नाही. कारण आहे एक रिपोर्ट.

दिवाळीनंतर कंपनीत हेल्थ चेकअप झालं. माझं वय २८, उंची पाच फूट दोन इंच, वजन ४७ किलो. कॉलेजपासून सगळे मला काडी म्हणतात. आणि रिपोर्टमध्ये एचबीएवनसी ६.१. म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर डायबेटिसच्या उंबरठ्यावर. मला वाटलं, लॅबने कुणाचा तरी भलताच रिपोर्ट पाठवला. पुन्हा टेस्ट केली. आकडा तोच.

डॉक्टरांनी जेवण विचारलं, व्यायाम विचारला, झोप विचारली. मग त्यांनी एक प्रश्न विचारला, ज्याची मला अजिबात अपेक्षा नव्हती : "जन्माच्या वेळी तुमचं वजन किती होतं?"

क्लिनिकच्या बाहेर येऊन आईला फोन लावला. ती लगेच म्हणाली, "दोन किलो तीनशे. का गं?"

या "का गं?"चं उत्तर शोधायला मी दोन महिने वाचत होते. आजचा भाग त्याबद्दल आहे.

इंग्लंडमधल्या जुन्या वह्या

गोष्ट सुरू होते इंग्लंडमधल्या हर्टफर्डशर परगण्यात, १९११ साली. तिथे बाळ जन्मलं की नर्स घरी जायची, वजन करायची आणि वहीत लिहायची. वर्षाचं झालं की पुन्हा वजन. वर्षानुवर्षं या नोंदी होत राहिल्या आणि नंतर वह्या कपाटात पडून राहिल्या. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर कुणी न वाचलेली लॉग फाईल.

साउथॅम्प्टनच्या डॉ. डेव्हिड बार्कर यांनी ती वाचली. १९११ ते १९३० मध्ये जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांच्या नोंदी घेऊन त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तपासलं की यातले कोण कशाने गेले. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आला : जन्माच्या वेळी आणि वर्षाचं असताना ज्यांचं वजन सगळ्यात कमी होतं, त्यांच्यात हार्टच्या आजाराने मरण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त होतं.

तोवर सगळ्यांचा समज असा होता की हार्टचा आजार म्हणजे मोठेपणी केलेल्या चुकांचं फळ. सिगारेट, लोणी, आळस. बार्कर म्हणत होते, गोष्ट त्याच्या खूप आधी सुरू होते. आईच्या पोटात.

पुण्याजवळची सहा गावं

इकडे पुण्यात रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक डायबेटिसचे पेशंट बघत होते. पाश्चात्त्य पुस्तकात लिहिलेला पेशंट वयस्कर आणि जाड. समोर बसलेला पेशंट मात्र तरुण आणि बऱ्याचदा बारीक. मग चुकतंय कोण, पुस्तक की पेशंट?

हे शोधायचं तर वाट बघायची तयारी लागते. इथे मला आमच्या किहीमचीच एक गोष्ट आठवते. १९३० मध्ये सालिम अली इथे राहून सुगरण पक्ष्याची घरटी बघत होते. सुगरण माहीत सगळ्यांनाच होती, पण रोज जाऊन, तासन् तास बसून नोंदी कुणी केल्या नव्हत्या. त्यांनी केल्या, आणि दाखवून दिलं की घरटं नर विणतो, मादी अर्धवट विणलेलं घरटं तपासते, पसंत पडलं तरच राहते, आणि मग नर दुसरं घरटं घ्यायला मोकळा. डोळ्यांसमोर असलेली गोष्टसुद्धा नीट बसून बघितल्याशिवाय कळत नाही.

पुण्याच्या टीमनेही तेच केलं, फक्त महिन्यांऐवजी दशकं. १९९३ मध्ये त्यांनी पुण्याजवळची सहा गावं निवडली आणि 'पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी' सुरू केला. वैशिष्ट्य असं, की बायका गरोदर राहायच्या आधीपासूनच त्यांची मोजमापं घ्यायला सुरुवात केली. या आया साधारण २१ वर्षांच्या, वजन सरासरी ४२ किलो. काय खातात, किती राबतात, रक्तात काय आहे, सगळं नोंदवलं. मग बाळं जन्मली. ती बाळं आज माझ्याहून जेमतेम दोन-तीन वर्षांनी मोठी आहेत. म्हणजे हा अभ्यास माझ्याच पिढीचा आहे.

बाळांची तुलना साउथॅम्प्टनच्या बाळांशी केली. तिकडचं बाळ सरासरी साडेतीन किलोचं, आपलं २.७ किलोचं. आपली बाळं लांबीला कमी, दंड बारीक, पोटाचा घेर लहान. म्हणजे स्नायू कमी आणि आतले अवयवही लहान. फक्त एक गोष्ट त्या मानाने फारशी कमी नव्हती : पाठीवर, कातडीखालची चरबी. २००३ मध्ये हा पेपर आला आणि 'थिन-फॅट इंडियन बेबी' हे नाव जगभर गेलं. दिसायला काडी, आतून चरबी.

२००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक मजेशीर फोटो छापून आला. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वजनकाटा सारखाच, शरीरं वेगळी.

असं का होत असेल? संशोधकांचं म्हणणं साधारण असं : आईकडून येणारा पुरवठा तुटपुंजा असला की पोटातलं बाळ काटकसर करतं. आधी मेंदू सांभाळतं, थोडी चरबी अडीअडचणीला राखून ठेवतं, आणि स्नायू, स्वादुपिंड, बाकी अवयवांवरचा खर्च कापतं. कमी बजेटमधला संसार. पुढे आयुष्य दुष्काळातच गेलं तर हे शहाणपण. पण पुढे हिंजवडीत ऑफिसची खुर्ची आणि रात्री साडेअकराला बिर्याणीची डिलिव्हरी मिळाली, की लहान राहिलेल्या स्वादुपिंडाला तो भार झेपत नाही.

आता आकडा ऐका. ती मुलं १८ वर्षांची झाली तेव्हा ६१९ जणांची साखर तपासली. ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली, यांची साखर नॉर्मलपेक्षा वर. जवळजवळ सगळे प्रीडायबेटिसचे. आणि या गटातले जवळपास निम्मे, वजनाच्या हिशोबात, अंडरवेट!

२०२१ चा हा पेपर मी रात्री दोन वाजता वाचला आणि लॅपटॉप मिटून बसून राहिले. मी एकटी नव्हते.

"म्हणजे माझंच चुकलं?"

मग मी एक चूक केली. हे सगळं मोठ्या उत्साहाने आईला फोनवर सांगितलं. बाळ लहान का, चरबी कुठून, साखर का. ती ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे माझंच काहीतरी चुकलं, असंच ना?"

मला काय बोलावं सुचेना. अशा बातम्यांची हेडलाईन तशीच असते : आईच्या आहारामुळे मुलाला आजार. वाचणारी प्रत्येक आई स्वतःकडे बोट दाखवते. म्हणून मी पुन्हा वाचायला बसले, या वेळी आयांच्या बाजूने.

त्यात सापडलं ते असं. त्या सहा गावांत आईने एकूण किती कॅलरी खाल्ल्या याचा बाळाच्या वजनाशी फारसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो पालेभाजी, फळं आणि दूध यांच्याशी. ज्या आयांच्या खाण्यात ते जास्त वेळा होतं, त्यांची बाळं मोठी. शिवाय ज्या आया शेतात आणि घरात जास्त राबल्या, त्यांची बाळं लहान. आणि सुमारे दोन तृतीयांश आयांच्या रक्तात बी-१२ कमी होतं, जे दूध, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं. पुढे मुलं सहा वर्षांची झाल्यावर दिसलं की ज्यांच्या आईचं बी-१२ कमी आणि फॉलेट जास्त होतं, त्या मुलांचं शरीर इन्सुलिनला सगळ्यात कमी दाद देत होतं.

हे काल आजीला सांगितलं, तर ती म्हणाली, "आम्ही उपाशी नव्हतो हो. पोटभर भात होता."

मी विचारलं, "आणि मासळी?"

"मासळी होती की. तुकड्या तुझ्या आजोबांना, दिरांना. मग पोरांना. मला कालवण. भातावर घेतलं की झालं."

"दूध?"

"दूध विकायला होतं गो."

बघा, सहा गावांचा अभ्यास आजीने चार वाक्यांत सांगितला. पोट भरत होतं, ताट भरत नव्हतं. मासळीच्या गावात राहून मासळीची तुकडी बाईपर्यंत पोचत नव्हती.

मग मी सहज विचारलं, आईच्या वेळी तुझं डोहाळजेवण केलं होतं का? आजी हसायलाच लागली. "कसलं डोहाळजेवण? सातव्या महिन्यात लावणी चालली होती. चिखलात वाकून उभी होते. तुझी आई गणपतीच्या आधी झाली."

इथे शाळेतली बायॉलॉजी आठवा. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या अंडाशयात बीजं तयार झालेली असतात, आयुष्यभराची. म्हणजे आजी त्या आषाढात किहीमच्या खाचरात वाकून रोपं लावत होती तेव्हा तिच्या पोटात आई होती, आणि आईच्या आत, मी जिच्यातून आले ती पेशी होती. एका पावसात आम्ही तिघी भिजलो.

मग यात चुकलं कुणाचं? आईचं तर नक्कीच नाही. तिला जे मिळालं नाही ते ती मला कुठून देणार होती?

झोपेचं थोडंसं

डॉक्टरांनी झोप विचारली होती, म्हणून तेही वाचलं. मी अमेरिकेच्या टीमबरोबर काम करते, झोपेचं गणित कच्चं आहे. पण चेन्नईत एक अभ्यास झाला, कमी कमाईच्या ४५२ जणांवर, २०२१ मध्ये छापून आला. ही माणसं रात्री आठ तास अंथरुणात असायची आणि झोप लागायची साडेपाच तास. उकाडा, आवाज, डास. त्यांना रात्री साधारण अर्धा तास जास्त झोप मिळेल अशी व्यवस्था केली, तर फार फरक पडला नाही. पण दुपारी कामाच्या जागी अर्ध्या तासाची डुलकी घेऊ दिली, तर कामही सुधारलं आणि मनही. आजोबांची वामकुक्षी कधी चुकली नाही. आजीला विचारलं तर म्हणते, "मी आडवी झाले असते तर भांडी कोणी घासली असती?"

जेवण काय, झोप काय, गोष्ट तीच. आपण त्याला सवय म्हणतो, शिस्त म्हणतो. पण ते वाटून दिलेलं असतं, आणि वाटणी सगळ्यांना सारखी नसते.

मग करायचं काय?

मुंबईच्या वस्त्यांमध्ये २००६ पासून एक प्रयोग झाला, डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांचा. साडेसहा हजार बायका. निम्म्यांना रोज पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ, उरलेल्यांना बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. सगळ्यांचा हिशोब केला तर बाळांच्या वजनात फार फरक नाही. पण ज्यांनी गरोदर राहण्याच्या निदान तीन महिने आधीपासून खाऊ खाल्ला, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमने जास्त. शिवाय गरोदरपणातला डायबेटिस १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्क्यांवर. औषध नाही, इंजेक्शन नाही. खाऊ.

मला यातला 'आधीपासून' हा शब्द महत्त्वाचा वाटतो. आपण सातव्या महिन्यात हौसेने ओटी भरतो, झोपाळा सजवतो, पाच पक्वान्नं वाढतो. चांगलंच आहे. पण बाळाचे अवयव तोवर घडलेले असतात. ताट भरायला हवं होतं त्याच्या खूप आधी. ती नवी नवरी होती तेव्हा. त्याच्याही आधी, ती नववीत डबा घेऊन शाळेत जात होती तेव्हा. पुण्याच्या टीमने २०१२ पासून नेमकं हेच धरलं. अभ्यासातली मुलं वयात आल्यावर, त्यांना स्वतःची मुलं होण्याच्या आधीच, बी-१२ द्यायला सुरुवात केली. मुलींना आणि मुलांनाही.

आणि माझं? २.३ किलो ही माझी सुरुवात आहे, शिक्षा नाही. लेगसी कोड आपण लिहिलेला नसतो, पण तो कुठे अडतो हे कळलं की सांभाळून काम करता येतं. दंडात स्नायू यावेत म्हणून वजनं उचलतेय, भात कमी केलाय, तीन महिन्यांनी पुन्हा टेस्ट आहे. आकडा काय येईल ते याच पॉडकास्टवर सांगेन, चांगला असो वा वाईट.

रेकॉर्डिंग थांबवून मध्ये मडकं उघडायला गेले होते. भांबुर्डीच्या पाल्याचा वास अजून हाताला आहे. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी. आई नेहमीसारखी सगळ्यांना वाढत उभी होती. आजीने तिचा हात धरून खाली बसवलं आणि पहिलं अंडं सोलून तिच्या पानात ठेवलं.

"अगं, आधी पोरांना दे," आई म्हणाली.

आजी म्हणाली, "तू माझी पोरच ना गो? खा."

तर मंडळी, या आठवड्याचा होमवर्क. आज घरी फोन करा आणि आईला विचारा, जन्मलो तेव्हा माझं वजन किती होतं? पण तिथेच फोन ठेवू नका. दुसरा प्रश्नही विचारा : तेव्हा तुझ्या ताटात काय होतं? उत्तर व्हॉइस नोटवर पाठवा, आईची परवानगी घेऊन. भेटू पुढच्या भागात!