हाताचे वळण

नवी दिल्लीच्या सचिवालयात, त्यातही नॉर्थ ब्लॉकमध्ये, ज्यांनी नोकरीतील उमेदीची वर्षे घालविली असे मराठी अधिकारी थोडेथोडके नाहीत. त्यांपैकी किती जणांनी मान वर करून तेथील रंगविलेल्या छताकडे निरखून पाहिले असेल, हे सांगणे कठीण आहे. फायलीतून डोके वर काढण्यास सवड मिळणे हीच मुळी सरकारी नोकरीत दुर्मिळ गोष्ट. १९२९ च्या सुमारास तेथे ज्या मानवाकृती रंगविल्या गेल्या, त्यांतील काही मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेतील तरुणांच्या हातच्या होत्या. याहून ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, त्याच्या दहाच वर्षे आधीपर्यंत त्या शाळेत अनावृत मानवी देह समोर ठेवून तो नियमाने रेखाटण्याचा वर्ग नव्हता. दहा वर्षांत हाताला एवढे वळण कसे लागले, याची हकिकत केवळ चित्रकारांच्याच कामाची आहे असे आम्हांस वाटत नाही.

जमशेटजी जीजीभाई यांनी १८५३ साली कलाशिक्षणासाठी एक लाख रुपयांची देणगी देऊ केली, आणि १८५७ च्या मार्चमध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या इमारतीत चित्रकलेचे वर्ग सुरू झाले. १८६५ साली जॉन लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे दोघे विलायतेहून शिक्षक म्हणून आले. त्यांच्यामागोमाग आली ती लंडनच्या साउथ केन्सिंग्टनची शिक्षणपद्धती. तिचा मूळ हेतू कारागिराचा हात सुधारावा हा होता, स्वतंत्र चित्रकार घडविणे हा नव्हे. त्यामुळे नवशिक्याने प्रथम छापील नमुन्यावरून रेषा गिरवाव्या, मग भूमितीच्या घनाकृती काढाव्या, मग ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून छायाप्रकाश साधावा, अशा पायऱ्या ठरलेल्या होत्या. प्लास्टरच्या एखाद्या मस्तकावर बारीक ठिपक्यांची छटा भरण्यात विद्यार्थ्याचे कित्येक आठवडे जात. आमच्या वाचकांपैकी अनेकांनी शाळेत असताना एलिमेंटरी व इंटरमीजिएटच्या परीक्षा दिल्या असतील. घन, शंकू आणि कळशी यांच्याशी त्यांनी जी झुंज घेतली, तिचे मूळ या परंपरेत आहे.

या पद्धतीची पुढे पुष्कळ निंदा झाली. ती सर्वस्वी अनाठायी नव्हती. प्लास्टरचा पुतळा थकत नाही, श्वास घेत नाही, एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकीत नाही. त्याच्याकडून चिकाटी शिकता येते. माणूस शिकता येत नाही. तथापि त्याच काळात ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांस एक निराळी शाळा दाखविली. १८७२ ते १८८५ या वर्षांत त्यांनी विद्यार्थ्यांच्या तुकड्या अजिंठ्यास नेऊन भित्तिचित्रांच्या नकला करविल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्यांतील एक. त्या नकलांपैकी पुष्कळशा १८८५ साली लंडनमधील आगीत नष्ट झाल्या. परंतु अर्धवट अंधारात बसून, वळलेली मान, टेकलेला तळहात, झुकलेली कंबर पुनःपुन्हा काढणाऱ्या त्या मुलांच्या बोटांत जे उतरले, ते जाळणे कोणत्याही आगीस शक्य नव्हते.

अशा शाळेत १८९० साली कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर विद्यार्थी म्हणून दाखल झाले. पाच वर्षांत त्यांनी बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळविले, १८९६ पासून ते तेथेच शिकवू लागले आणि १९३१ साली निवृत्त झाले. 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे त्यांच्या आठवणींचे पुस्तक १९४० साली प्रसिद्ध झाले. एका संस्थेत एकेचाळीस वर्षे काढणाऱ्या या गृहस्थाविषयी नोकरदार वाचकांस आपुलकी वाटावी हे स्वाभाविक आहे. वर्ग, परीक्षा, तपासण्या आणि वरिष्ठांची मर्जी, हे सारे त्यांच्याही वाट्यास होते. तरीही समोर माणूस दिसला की तो पेन्सिलीने टिपून ठेवावयाचा, हा परिपाठ त्यांनी सोडला नाही. त्यांच्या कितीतरी रेखाटनांवर सहीजवळ तारीख आढळते. एडवर्ड्स यांच्या मुंबईवरील पुस्तकाला (१९१२) आणि रॉथफेल्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरील पुस्तकाला (१९२०) त्यांनी जी चित्रे दिली, त्यांत पदराची, पगडीची, चालण्याबसण्याची जी अचूक विविधता आहे, तिच्यामागे अशा तारीखवार पानांची शिदोरी आहे.

१९१९ च्या सुमारास ग्लॅडस्टन सॉलोमन शाळेचे मुख्याध्यापक झाले आणि त्यांनी लगोलग जिवंत नमुन्यावरून अभ्यास करण्याचा वर्ग पक्क्या पायावर उभा केला. डोके, हात किंवा वस्त्र नेसलेली आकृती माणसावरून काढण्याचे पाठ त्यापूर्वीही होत. अनावृत देहाचा नियमित अभ्यास मात्र नवा होता. त्याला जोडूनच, गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या पाठिंब्याने, भित्तिचित्रांचा वर्ग निघाला. एकीकडे देहाचा अभ्यास आणि दुसरीकडे भिंतीवरील मोठी रचना, अशी ही जोडी होती. दिल्लीच्या छतावर गेले ते याच जोडीचे फळ.

या वर्गात ओट्यावर बसणाऱ्या माणसांची नावे इतिहासाने फारशी नोंदविली नाहीत. पोटासाठी तासन् तास निश्चल राहणारी ती गरीब माणसे होती. पाय बधिर झाला तरी हलावयाचे नाही, हे काम कोणत्याही कारकुनीपेक्षा हलके नव्हे. अशा एका स्त्रीची कथा 'न्यूड' या मराठी चित्रपटाने २०१८ साली पडद्यावर आणली, तेव्हा तो वर्ग सुरू होऊन जवळजवळ शंभर वर्षे झाली होती.

नव्या वर्गावर टीका झाली ती मुख्यतः तो परका आहे म्हणून. कलकत्त्यास हॅवेल आणि अवनींद्रनाथ ठाकूर यांनी पाश्चात्त्य वास्तववादाकडे पाठ फिरवून वेगळी वाट धरली होती. अवनींद्रनाथांनी १९१४ साली भारतीय शरीररचनेवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात खांद्याला हत्तीच्या मस्तकाची आणि धडाला गायीच्या मुखाची उपमा देऊन, अवयव निसर्गातील आकारांवरून ओळखावेत असे सुचविले आहे. मुंबईकर म्हणत, आधी माणूस पाहा. कलकत्तेकर म्हणत, आधी परंपरा पाहा. हा वाद वर्षानुवर्षे चालला.

आम्हांस असे वाटते की नवशिक्याच्या दृष्टीने हे भांडण दिसते तेवढे खोल नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात पुरुषांचे पाच प्रकार सांगितले असून, त्यांतील 'हंस' १०८ अंगुळे उंच, तर 'शशक' ९० अंगुळे उंच मानला आहे. बारा अंगुळांचा एक ताल, म्हणून १०८ अंगुळांचा देह नवताल झाला. हा ताल म्हणजे चेहऱ्याची लांबी, केशरेषेपासून हनुवटीपर्यंत. आणि हाताच्या पंजाची लांबीही तेवढीच. वाचकांनी तळहाताचे मूळ हनुवटीवर टेकवून पाहावे. मधले बोट कपाळावर केसांच्या कडेशी पोहोचते. विलायती पद्धतीत हेच मोजमाप संपूर्ण मस्तकाने करितात आणि देहाची उंची साडेसात ते आठ मस्तके धरितात. एकाने चेहरा घेतला, दुसऱ्याने डोके घेतले, एवढाच काय तो फरक. तसेच, सारा भार एका पायावर घेऊन माणूस उभा राहिला की गळ्याखालचा खळगा त्या पायाच्या घोट्याच्या सरळ वर येतो, आणि कंबर एका बाजूस कलली की खांदे दुसऱ्या बाजूस कलतात. युरोपीय विद्यार्थी हे ओळंबा धरून शिकला. आमच्या मूर्तिकाराने त्यालाच त्रिभंग म्हटले. दोघांनाही ते पुस्तकात वाचून साधले नसेल. नवशिका प्रथम डोळे काढतो, मग डोके मोठे करितो आणि हात खुजे ठेवितो. हा दोष मुंबईत, कलकत्त्यास आणि पॅरिसमध्ये सारखाच. आणि त्याचा उपायही एकच, उद्या पुन्हा काढणे.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांनी या अभ्यासाचा एक उत्तम नमुना घालून दिला आहे. इंदूरला दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी जी कलाशाळा चालविली, तिच्यातून नारायण श्रीधर बेंद्रे (१९१०-१९९२) आणि मकबूल फिदा हुसेन यांच्यासारखे चित्रकार बाहेर पडले. संस्थानी राजधानीतील त्या शाळेपाशी मुंबईचे वैभव नव्हते. बाहेर पडून जे दिसेल ते काढावयाचे, हे तिचे बळ. तेच बेंद्रे १९५० पासून बडोद्याच्या नव्या कलाविभागात अध्यापक झाले. गाव परके असले तरी रस्त्यावरची माणसे परकी नसतात, हे इंदूरच्या या मुलांस कोणी वेगळे सांगावे लागले नसावे.

या इतिहासाकडे आम्ही वळलो ते एका लज्जास्पद अनुभवामुळे. चाळिशी उलटल्यावर, उत्तरेकडील एका जिल्ह्याच्या ठिकाणी नेमणूक असताना, संध्याकाळचा वेळ जाईना म्हणून आम्ही पुन्हा पेन्सिल हाती घेतली. एका रात्री इंटरमीजिएटच्या स्मरणचित्राची आठवण होऊन, आमच्या कचेरीतील वृद्ध शिपायाची आकृती स्मरणाने काढावयास बसलो. हा मनुष्य सहा वर्षे रोज आमच्या टेबलावर कागद आणून ठेवीत होता. टोपी आली, गणवेश आला. पण तो उभा कसा राहतो, मान कोणत्या बाजूस धरितो, फायली कोणत्या हातात असतात, काही केल्या आठवेना. सहा वर्षांत आम्ही फायली पाहिल्या होत्या, माणूस पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी नीट पाहिले तेव्हा कळले की त्यांचा डावा खांदा बराच खाली आहे आणि उजवा हात कोपरापासून पुरता सरळ होत नाही. विचारले तेव्हा, तरुणपणी बैलगाडीखाली सापडल्याची हकिकत त्यांनी सांगितली. आणि आजवर कोणा साहेबाने ती विचारली नव्हती, असेही सांगितले. वरच्या फडताळातले जाड दप्तर काढण्यास आम्ही त्यांनाच किती वेळा सांगितले असेल, याचा हिशेब त्या दिवशी आम्हांस करवेना.

त्यानंतर रोज पंधरा मिनिटे, अधिक नाही, आम्ही रेखाटीत आलो. प्रथम दोन मिनिटांत उभ्या आकृतीचा कल आणि भार टिपावा, डोळे-नाक यांस हात लावू नये; मग एखादीच आकृती सावकाश मोजून काढावी, एवढाच नेम. फलाटावर गाडीची वाट पाहणारे, न्यायालयाच्या व्हरांड्यात तारखेसाठी ताटकळणारे, चहाच्या दुकानात बाकावर टेकलेले असे नमुने सरकारी नोकराभोवती फुकट बसलेले असतात. पहिल्या वर्षाची वही आज उघडवत नाही. तिसऱ्या वर्षीच्या वहीतील काही पाने बरी आहेत. आम्ही चित्रकार झालो नाही, होणारही नाही. पण समोर अर्ज घेऊन उभा राहिलेला मनुष्य किती वेळ उभा आहे, हे आता त्याच्या पायांवरून आम्हांस कळते, आणि आम्ही त्यास बसावयास सांगतो.

असो. ज्या वाचकांची पेन्सिल इंटरमीजिएटनंतर सुटली असेल, त्यांनी बदलीच्या गावी पोहोचल्यावर सामानात एक कोरी वही ठेवावी, आणि पानावर धुरंधरांप्रमाणे तारीख घालण्यास विसरू नये. कारण चित्र कसे साधले हे दुसऱ्यास सांगता येईल. अभ्यास चालू आहे की नाही, हे मात्र तारखाच सांगतात.