पाळण्यांतली बाटली

निजतांना मुलाच्या तोंडांत दुधाची बाटली द्यावयाची, आणि तें दीड-दोन वर्षांचें झालें म्हणजे ती कशी सोडवावी या विवंचनेंत पडावयाचें, हा आज अनेक घरांतला नित्याचा अनुभव आहे. ही विवंचना वाटते तितकी पुरातन मात्र नाहीं. आईच्या दुधाखेरीज दुसरें दूध मुलाला पाजण्याचीं साधनें हजारों वर्षांचीं आहेत. परंतु दूध पीत पीत मुलानें एकट्यानेंच झोंपीं जावें, अशी सोय करून देणारी बाटली निघाल्यास अद्याप दोनशें वर्षें झालेलीं नाहींत. या सोयीचा इतिहास थोडा विचित्र आणि पुष्कळसा दुःखद आहे.

जर्मनींतील बव्हेरिया प्रांतांत लहान मुलांच्या थडग्यांतून तोटी असलेलीं मातीचीं चिमुकलीं भांडीं सांपडतात. इ. स. २०१९ मध्यें संशोधकांनीं अशा तीन भांड्यांत मुरलेल्या स्निग्धांशाचें पृथक्करण केलें, तेव्हां त्यांत रवंथ करणाऱ्या जनावरांच्या दुधाचे अवशेष मिळाले. हीं भांडीं इ. स. पूर्वीं १२०० ते ४५० या काळांतलीं आहेत. महाराष्ट्रांत हेंच काम बोंडलें आणि शिंपला यांनीं केलें, तामिळ प्रांतांत पालडै या चोचीच्या लहानशा भांड्यानें केलें. बोंडलें काय किंवा पालडै काय, कोणीतरी हातांत धरल्यावांचून मुलाच्या पोटांत थेंबहि जावयाचा नाहीं. पाजणारीनें मूल मांडीवर घ्यावें, मान सांवरावी, घोट गिळला कीं नाहीं तें पाहावें आणि मग पुढचा द्यावा. मूल पेंगलें कीं पाजणें थांबलेंच.

दूध तोडण्याचा प्रश्न त्या काळींहि होता. पण तो अंगावरच्या दुधाचा होता. सुश्रुतानें सहाव्या महिन्यांत मुलाला हलकें अन्न देण्यास सांगितलें आहे, आणि उष्टावणाचा संस्कारहि त्याच सुमाराचा. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत रोम येथें वैद्यकी करणारा सोरेनस हा ग्रीक वैद्य म्हणतो कीं, दांत येऊन मुलाला अन्न नीट खातां येऊं लागलें म्हणजे दीड-दोन वर्षांच्या सुमारास दूध हळूहळू कमी करीत न्यावें, आणि साधल्यास वसंत ऋतूंत न्यावें. स्तनांना कडू किंवा दुर्गंधी पदार्थ चोपडून एकाएकीं दूध तोडण्याची रीत त्याला मुळींच पसंत नव्हती. काळ्या बोळाचा लेप देणाऱ्या महाराष्ट्रांतल्या आजीबाईंची एक बहीण रोममध्येंहि नांदत होती, असाच याचा अर्थ!

एकोणिसाव्या शतकांत रबर आलें आणि सारा प्रकार पालटला. इ. स. १८४५ मध्यें न्यूयॉर्कच्या इलायजा प्रॅट यानें रबरी बोंडाचें पेटंट घेतलें. त्यापूर्वीं बाटलीच्या तोंडाला कापडाची वात, चामडें, अगर गाईचें सड बांधीत. इंग्लंडांत इ. स. १८६१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या मिसेस बीटन यांच्या गृहव्यवस्थेवरील पुस्तकांत अशा सडाविषयीं असा सल्ला आहे कीं, एकदां बांधलें म्हणजे नवें बांधण्याची वेळ येईपर्यंत तें सोडण्याचें कारण नाहीं, आणि काळजी घेतल्यास तें कित्येक आठवडे टिकतें. या पुस्तकाच्या प्रती हजारोंनीं खपल्या. जंतूंचें शास्त्र तेव्हां जन्मावयाचें होतें, हें ध्यानांत ठेवूनच त्या बाईंना दोष द्यावयाचा तो द्यावा.

याच काळांत लांब नळीची बाटली बाजारांत आली. कांचेची चपटी बाटली, तिच्या बुचांतून आंत गेलेली कांचेची नळी, बाहेर हातभर रबराची नळी आणि तिच्या टोंकाला बोंड, अशी तिची रचना. बाटली उशाशीं ठेवावी, बोंड मुलाच्या तोंडांत द्यावें आणि आईनें आपल्या कामाला लागावें. राजघराण्यांतल्या स्त्रियांचीं नांवें, लाडक्या बाळाचीं नांवें देऊन या बाटल्या विकल्या जात. गिरणींत जाणाऱ्या, दिवसभर लोकांचीं धुणीं धुणाऱ्या बायांना ती वरदानासारखी वाटली यांत नवल नाहीं. पण नोकरचाकर असलेल्या घरांतहि ती तितक्याच आवडीनें शिरली. पाजणाऱ्या माणसाचा हात प्रथम सुटला तो या बाटलीनें. रात्रीच्या बाटलीचा वंशवृक्ष काढावयाचा झाल्यास त्याचें मूळ येथें सांपडतें.

या नळीचें आंतलें अंग कोणालाहि घांसतां येत नसे. दुधाची साय आंत थरावर थर धरी, उन्हाळ्यांत ती आंबे, आणि मूल तिच्यांतून दिवस-रात्र थोडें थोडें चोखीत राही. हगवण लागून मुलें पटापट दगावत. इ. स. १८९९ मध्यें इंग्लंड व वेल्स येथें जन्मलेल्या दर हजार मुलांपैकीं सुमारें १६३ मुलें वर्षाचीं होण्यापूर्वींच गेलीं. सगळाच दोष बाटलीचा नव्हे. शहरांत येणारें दूध मुळांतच नासकें व भेसळीचें असे. तरी डॉक्टर मंडळींनीं या बाटलीला ‘खुनी बाटली’ असें नांव दिलें तें उगीच नव्हे. अमेरिकेंतील बफलो शहरानें इ. स. १८९७ मध्यें तिच्या विक्रीस बंदी केली, आणि फ्रान्सनें ता. ६ एप्रिल १९१० च्या कायद्यानें देशभर केली. इंग्लंडांत मात्र बंदी झाली नाहीं, आणि तेथें ती पुढें कित्येक वर्षें विकत मिळत राहिली. स्वस्त वस्तूची सोय एकदां अंगवळणीं पडली म्हणजे डॉक्टरांचा शब्द किती चालतो, तें यावरून दिसतें.

सुधारणा झाली ती दोन बाजूंनीं. इ. स. १८९२ मध्यें पॅरिसमध्यें डॉ. पिएर बुदँ यांनीं तान्ह्या मुलांना नियमित तपासण्याचे दवाखाने काढले, इ. स. १८९४ मध्यें फेकां या गांवीं डॉ. लेओं द्युफूर यांनीं ‘दुधाचा थेंब’ या नांवाची संस्था स्थापून तापवून निर्जंतुक केलेलें दूध वांटण्यास आरंभ केला. दुसरीकडे बाटलीचा घाटहि बदलला. दोन्ही टोंकांस उघडी, होडीच्या आकाराची बाटली निघाली. तिच्यांत नळी नव्हती, आणि तिच्यांतून ब्रश आरपार फिरवितां येई.

बाटली स्वच्छ झाली, दूध स्वच्छ झालें, आणि मरणाची धास्ती गेली. परंतु धास्ती गेल्यामुळेंच ती मुलाच्या हातीं अधिक काळ राहूं लागली. पुढें न फुटणारी प्लास्टिकची बाटली आली, तेव्हां तर ती अंथरुणांत देण्यास कसलीच हरकत उरली नाहीं. जो हात लांब नळीनें प्रथम सोडविला होता, तो आतां निर्धोकपणें सुटला, असें सर्वांस वाटलें. इ. स. १९६२ मध्यें इलायस फास या दंतवैद्यानें एक निबंध लिहून, बाटली तोंडांत घेऊन झोंपणाऱ्या मुलांच्या दांतांची विशिष्ट प्रकारची कीड दाखवून दिली. वरचे पुढचे दांत हिरडीलगत प्रथम खडूसारखे पांढरे, मग पिवळसर तपकिरी होतात आणि शेंवटीं झिजून खुंट उरतात. खालचे पुढचे दांत मात्र जिभेखालीं झांकलेले असल्यानें बहुधा वांचतात.

कारण सोपें आहे. दुधांत साखर असते, तोंडांतले जंतु तिचें आम्ल करतात, आणि जागेपणीं लाळ तें आम्ल धुऊन टाकते. झोंपेंत लाळ आटते आणि गिळणेंहि मंदावतें. मग दूध दांतांभोंवतीं तासन् तास साचून राहतें. बाटली कितीहि उकळून घेतली तरी यावर उपाय होत नाहीं, कारण हा दोष मळाचा नसून वेळेचा आहे. याशिवाय उताणें पडून दूध पिणाऱ्या मुलाचे कान दुखावतात, आणि दुसऱ्या वर्षीं दुधानेंच पोट भरल्यामुळें अन्न मागें पडून अंगांत लोहाची उणीव होते. म्हणून बालरोगतज्ज्ञ सहाव्या महिन्यापासून पेल्याची ओळख करून द्यावी आणि बारा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान बाटली संपवावी, असें सांगतात.

संपवावी कशी, यावर मात्र मतभेद झाले. न्यूझीलंडचे डॉ. ट्रूबी किंग यांच्या प्रेरणेनें इ. स. १९०७ मध्यें निघालेल्या संस्थेनें घड्याळाचा ठोका हेंच शास्त्र मानलें: ठरल्या वेळीं दूध, आणि रात्रीं मुळींच नाहीं. याच्या उलट टोंकाचे डॉ. डी. डब्ल्यू. विनिकॉट. त्यांनीं इ. स. १९४९ मध्यें लंडन रेडिओवरून सामान्य आयांसाठीं जीं भाषणें दिलीं, त्यांत दूध सोडविण्यावरहि एक होतें. ज्या मुलाला दूध पिण्याचें सुख पुरतें मिळालें आहे तेंच तें सोडूं शकतें, असें त्यांचें म्हणणें; मूल हातांतल्या वस्तु मजेनें खालीं टाकूं लागलें म्हणजे सोडण्याची कलाहि तें शिकूं लागलें, असें ते समजत. दोन वर्षांनीं त्यांनीं मुलाच्या उशाशीं असणाऱ्या चिंधीबद्दल आणि मऊ खेळण्याबद्दल निबंध वाचला. आई दिसेनाशी होत असतां मूल ज्या वस्तूला धरून राहतें, ती मोठ्यांनीं हिसकावून घेऊं नये, असा त्याचा रोख आहे. रात्रीची बाटली पुष्कळदां याच जातीची असते. तिच्यांतलें दूध हें केवळ निमित्त.

आज दवाखान्यांतून जी रीत सांगतात तींत सोरेनसचा संथपणा आणि विनिकॉट यांची ही समज, दोन्ही आहेत. दिवसाच्या बाटल्या आधीं बंद कराव्या, निजतांनाची सर्वांत शेंवटीं. ती आधीं अंथरुणांतून उठवून मांडीवर आणावी. मग दूध पेल्यांत द्यावें, त्यानंतर दांत घांसावे, आणि गोष्ट किंवा अंगाई झाल्यावर निजवावें. मूल वर्षाचें झालेलें असेल आणि अगदींच हट्ट धरीत असेल, तर बाटलींतल्या दुधांत दर दोन-तीन रात्रींनीं थोडें थोडें पाणी वाढवीत नेऊन शेंवटीं नुसतें पाणी द्यावें. तान्ह्या मुलाच्या दुधांत मात्र असें पाणी घालणें घातक होय. पहिल्या तीन-चार रात्रीं रडारड होतेच, आणि त्या रात्रीं आईबरोबर बापानेंहि जागावें लागतें.

हिंदुस्थानांत हा प्रश्न कायद्यापर्यंत गेला. इ. स. १९९२ च्या कायद्यानें आईच्या दुधाऐवजीं देण्याची भुकटी आणि पाजण्याची बाटली यांच्या जाहिरातीस मनाई झाली, इ. स. २००३ मध्यें तो अधिक कडक करण्यांत आला. अपुऱ्या दिवसांच्या ज्या बाळांना चोखण्याची ताकद नसते, त्यांना अनेक रुग्णालयांतून आज बाटलीनें दूध देत नाहींत. तेथें पालडै आणि वाटी-चमचा परत आले आहेत. बाळाला टेंकवून बसवून परिचारिका किंवा आई थेंब थेंब दूध ओंठांशीं लावते, आणि भांडें रिकामें होईपर्यंत तिला तेथून उठतां येत नाहीं.